मार्बेयात पाच दिवस जास्तीचे: राहावं की पळावं?

मंजिरी७७ | १२ ऑगस्ट
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवऱ्याच्या कंपनीची तीन दिवसांची बैठक दक्षिण स्पेनमधल्या मार्बेला या गावी आहे. त्याची सोय कंपनी करणार, आमची आम्ही. आम्ही म्हणजे मी, तेरा वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई (वय ६९, उजवा गुडघा कुरकुरतो, त्या स्वतः अजिबात कुरकुरत नाहीत). बैठक संपल्यावर पाच दिवस रजा जोडून घेतली आहे.

नेटवर मार्बेला शोधलं की बोटी, फेरारी आणि उन्हात भाजून घेणारी माणसं दिसतात. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी नाहीत आणि तिसरी पुण्यात फुकट होते. तर प्रश्न असा की पाच दिवस तिथंच मुक्काम ठेवून आजूबाजूची गावं करावीत, की बैठक संपली की बॅगा उचलून सेव्हिया-ग्रनादा गाठावं? गाडी भाड्यानं घेणार नाही, उलट्या बाजूनं चालवायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. मी आणि सासूबाई शाकाहारी, त्यांना अंडंही चालत नाही. पोराला म्युझियम हा शब्द ऐकला तरी पोटात दुखतं.

काना_मात्रा | १२ ऑगस्ट
मार्बेला नव्हे, मार्बेया. स्पॅनिशमध्ये जोड एलचा उच्चार यच्या जवळ जातो. सेव्हिया बरोबर लिहिलंत, मग मार्बेलावरच अन्याय का? आणि जे या अक्षराचा ह होतो, म्हणून पुढं आसपासच्या गावांची नावंही मिहास, ओहेन, नेर्हा अशीच लिहा. बसवाल्याला 'मिजास' म्हणालात तर तो तुमची मिजास उतरवेल.

मंजिरी७७ | १२ ऑगस्ट
शीर्षक सुधारलं, गुर्जी. आता प्रश्नाचं उत्तर द्या की.

काना_मात्रा | १२ ऑगस्ट
मी कधी गेलेलो नाही.

मूकवाचक | १२ ऑगस्ट
खुर्ची टाकून बसलोय. सासूबाईंना घेऊन निघालात, तुम्हाला दंडवत.

मी_नासिककर | १२ ऑगस्ट
पळा.

सविस्तर हवं असेल तर ऐका. २०१८ साली आम्ही चार मित्र तिथं होतो. सगळे म्हणतात पुएर्तो बानूस हे तिथलं बोटींचं बंदर बघा, म्हणून संध्याकाळी नटूनथटून गेलो. बंदर १९७० साली उघडलं. खोसे बानूस नावाच्या बिल्डरनं बांधलं, म्हणून हे नाव. उद्घाटनाला मोनाकोचे राजाराणी आले होते आणि तेव्हा नवखा असलेला हुलिओ इग्लेसियास गायला होता म्हणे. आज काय आहे, तर धक्क्याला तीनमजली बोटी, त्यांच्यापुढं रांगेत गाड्या आणि गाड्यांपुढं आपल्यासारखी माणसं दुसऱ्याच्या बॉनेटला टेकून फोटो काढतायत. आम्हीही काढले, खोटं कशाला बोलू. मग एका ठिकाणी कॉफी प्यायलो आणि बिल बघून चौघं एकदम गप्प झालो. तेवढ्या पैशात आमची नाशिकला घरची मिसळ-पार्टी झाली असती.

बंदराजवळच्या चौकात चित्रकार दालीचा ब्राँझचा गेंडा आहे, तो मात्र झकास. त्याला बघायला पैसे पडत नाहीत.

आणि या चकचकाटाची दुसरी बाजू पण माहीत असू द्या. १९९१ पासून दहाबारा वर्षं हेसुस गिल हा बांधकामवाला तिथं महापौर होता, फुटबॉल क्लबचा मालकही तोच. जमिनी, आरक्षणं, बेकायदा इमारती, सगळं आपल्या ओळखीचं. पुढं २००६ साली सरकारनं आख्खी नगरपालिकाच बरखास्त केली. स्पेनच्या लोकशाहीत असं तोवर झालं नव्हतं. त्या प्रकरणातल्या मुख्य माणसाच्या बाथरूममध्ये मिरो या बड्या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र लटकत होतं, हे तिथल्या पेपरांत फार गाजलं.

मूकवाचक | १२ ऑगस्ट
बाथरूममध्ये मिरो! आमच्याकडे बाथरूममध्ये फक्त ओल.

टेम्सकाठची | १३ ऑगस्ट
नासिककर, तुमचं लिखाण आवडतं पण इथं साफ असहमत. बानूस बघून मार्बेया पाहिलं म्हणणं म्हणजे लवासा बघून मुळशी पाहिली म्हणण्यासारखं आहे. मी आतापर्यंत सहा वेळा गेले आहे, त्यातल्या चार वेळा बानूसला पाऊल टाकलं नाही.

जुन्या गावात शिरा. पांढऱ्या भिंती, खिडक्यांना लोखंडी गज, गजांना टांगलेल्या कुंड्या आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं इतक्या गल्ल्या. मधोमध प्लासा दे लोस नारांहोस, म्हणजे संत्र्यांचा चौक. कॅस्टिलच्या राजानं १४८५ साली हे गाव मुस्लिम सत्तेकडून घेतलं, त्यानंतर घरं पाडून हा चौक काढला. तिथलं नगरपालिकेचं घर १५६८ सालचं आहे. चौकातल्या टेबलांवर बसू नका, महाग आहे. एक गल्ली आत गेलं की तेच जेवण बेतात मिळतं. चौकाच्या मागं जुन्या अरबी किल्ल्याच्या भिंती आहेत, नीट बघाल तर त्यात रोमन खांबांचे तुकडे चिणलेले दिसतात.

मंजिरीताई, सासूबाईंसाठी सांगते. समुद्रालगत फरसबंद फिरायचा रस्ता आहे, अगदी सपाट, थेट बानूसपर्यंत सहासात किलोमीटर. दर थोड्या अंतरावर बाक आहेत. पाठीमागं ला कोंचा हा १२१५ मीटरचा डोंगर उभा असतो, शिंपल्यासारखा. उत्तरेचं थंड वारं तो अडवतो, म्हणून तिथली हवा आसपासच्या मानानं जास्त मवाळ. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी समोर पाण्यापलीकडं आफ्रिकेचे डोंगर दिसतात. बाकावर बसून आफ्रिका बघायची, याला काही पैसे पडत नाहीत नासिककर.

आणि हे गाव काही आधीपासून श्रीमंतांचं नव्हतं. मासेमारी, शेती आणि मागच्या डोंगरातलं लोखंड, एवढंच. १९५४ साली होएनलोए घराण्यातल्या आल्फोन्सो नावाच्या राजपुत्रानं आपल्या जागेत छोटंसं हॉटेल काढलं, त्याचे बडे दोस्त आले, त्यांचे दोस्त आले, असं ते वाढत गेलं.

मी_नासिककर | १३ ऑगस्ट
सहा वेळा?? जळजळ होतेय, इनो आहे का कुणाकडे?

टेम्सकाठची | १३ ऑगस्ट
लंडनहून विमानाचं तिकीट आमच्या इथल्या रेल्वेपेक्षा स्वस्त पडतं कधीकधी, म्हणून. :)

रच्याकने (बाय द वे), चौकातली संत्री तोडून खाऊ नका. पहिल्या वर्षी माझ्या भावानं कुणी बघत नाही असं पाहून खाली पडलेलं एक उचललं आणि सोलून आख्खी फोड तोंडात टाकली. कडू आणि आंबट एकत्र. थुंकायला जागा नाही, समोर पोलीस. त्यानं ती गिळली. ती शोभेची झाडं, मुरांबा करायच्या जातीची.

काना_मात्रा | १३ ऑगस्ट
आता मात्र माझा विषय आला. नारांहा हा शब्द मूळ आपल्याकडचा. संस्कृत नारंग, त्याचं फारसीत नारंग, अरबीत नारंज, आणि अरबांबरोबर तो स्पेनला पोचला. म्हणजे मंजिरीताई, तुम्ही आठ हजार किलोमीटर उडून नारंगी चौकातच जाणार आहात.

घाटमाथा | १३ ऑगस्ट
आम्ही रोंदासाठी गेलो होतो, मार्बेया फक्त झोपायला. माझं मत, रोंदा चुकवलं तर स्पेनच्या त्या भागात जाऊच नये.

मार्बेयाजवळच्या सान पेद्रोहून वर रोंदाला जाणारा रस्ता साधारण पन्नास किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे नुसती वळणं. आंबेनळी घाट आठवा, फक्त खड्डे वजा करा. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. माझ्या बायकोनं ठेवली नव्हती. घाट संपतो आणि पठारावर गाव लागतं. चालत चालत एका पुलावर येता, कठड्यावरून खाली बघता आणि आपोआप एक पाऊल मागं सरता. पुएन्ते नुएव्हो म्हणजे नवा पूल. नवा म्हणजे १७९३ सालचा. बांधायला ३४ वर्षं लागली, उंची ९८ मीटर. त्याआधी घाईघाईत बांधलेला पूल १७४१ साली माणसांसकट दरीत गेला होता, म्हणून या वेळी घाई केली नाही. मधल्या कमानीच्या वर एक खोली आहे, तिथं पूर्वी कैदी ठेवत. खाली ग्वादालेविन नदी इतकी बारीक दिसते की एवढी दरी हिनं कापली यावर विश्वास बसत नाही.

सासूबाईंना पूल वरून बघता येईल, तो भाग सपाट आहे. पुलाचा तो प्रसिद्ध फोटो खालून येतो, तिथं उतरायला लावू नका. उतरणं सोपं, चढणं गुडघ्यावर येतं.

जुनाखडू | १४ ऑगस्ट
रोंदाचं बैलझुंजीचं मैदानही बघा. १७८५ सालचं आहे, दगडी कमानींचे दोन मजले सलग वर्तुळात. स्थापत्य म्हणून फार देखणं.

अनुजा_व | १४ ऑगस्ट
देखणं असेल, पण ज्या मातीत बैल मारतात तिथं तिकीट काढून मी तरी जाणार नाही. ज्यांना जायचं त्यांनी जा.

जुनाखडू | १४ ऑगस्ट
रोमचं कलोसियम बघताना आपण हाच प्रश्न विचारतो का? तिथं तर माणसं मारत.

अनुजा_व | १४ ऑगस्ट
तिथलं बंद झालंय, हा फरक आहे. रोंदाला दर सप्टेंबरला जुन्या पोशाखात झुंजी होतात आजही.

शर्यतप्रेमी | १४ ऑगस्ट
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मूकवाचक | १४ ऑगस्ट
अरे, काय होतं त्यात? बैलगाडा शर्यतीबद्दल होतं ना? मी पॉपकॉर्न आणायला गेलो आणि तेवढ्यात उडवलं.

बोंबीलवाला | १४ ऑगस्ट
धाग्यात अजून मासळीचं नाव नाही, हे कसलं कोकणपट्टीचं वर्णन? मंजिरीताईंना उपयोग नाही पण बाकीच्यांसाठी लिहितो, त्यांचा नवरा आणि पोरगा खात असतील असं धरून.

त्या किनाऱ्यावर जुन्या लाकडी होडीत वाळू भरतात आणि वाळूवर लाकडं पेटवतात. वेताच्या पट्टीला धार काढून तिच्यावर सहा तारल्या ओळीनं ओवतात. पट्टी तारलीच्या कण्याखालून जायला हवी, नाहीतर मासा शिजला की गळून पडतो. मग ती पट्टी जाळाच्या बाजूला वाळूत तिरकी खोचायची. जाळावर नाही, बाजूला, आणि वारा ज्या दिशेनं असेल तिच्या उलट, म्हणजे धूर माशावर येत नाही. वर फक्त जाडं मीठ. हा एस्पेतो. ना हळद, ना तिखट, ना आगळ. मी आधी नाक मुरडलं, नंतर तीन पट्ट्या खाल्ल्या. काट्याचमच्यानं खायचा नाही, हातानं. भाजणारा म्हातारा माझे हात बघून म्हणाला असावा की हा आपल्यातलाच.

तिथं म्हणतात, ज्या महिन्याच्या नावात र नाही त्या महिन्यात तारली चांगली. म्हणजे मे ते ऑगस्ट, तेव्हा ती चरबीवर असते. सप्टेंबरअखेर म्हणजे थोडा उशीर, पण चालेल. तळलेल्या मांदेलीसारखे बोकेरोनेस पण मागवा.

टोमॅटोकुमार | १४ ऑगस्ट
ती टोमॅटो फेकतात ती जागा मार्बेयापासून किती लांब? आम्हाला पण जायचंय.

घाटमाथा | १४ ऑगस्ट
ते बुन्योल, वालेन्सियाजवळ. मार्बेयाहून सहाशेच्या आसपास किलोमीटर. आणि ते ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी एकदाच होतं, सप्टेंबरात पोचलात तर फक्त धुतलेले रस्ते दिसतील.

अनुजा_व | १५ ऑगस्ट
शाकाहाराबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. अंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रांतात, "मांस नको" म्हटलं की त्यांच्या डोक्यात मोठा तुकडा नको एवढंच येतं. हॅम मांसात मोजत नाहीत बहुधा. मी मांसाशिवाय सालमोरेखो मागितलं, टोमॅटोचं गार घट्ट सूप, तर वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं शिंपडून आलं. सॅलड मागितलं तर त्यात टूना. म्हणून एक वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतून, नी वेव्हो." शेवटचा शब्द अंडं. पूर्ण यादी म्हणायची, लाजायचं नाही.

खाण्यासारखं भरपूर आहे. गास्पाचो, आहोब्लान्को म्हणजे बदाम-लसणाचं गार पांढरं सूप, त्यात द्राक्षं घालतात. पिमिएन्तोस दे पाद्रोन म्हणजे तळून मीठ लावलेल्या छोट्या मिरच्या, दहा गोड लागतात आणि अकरावी भाजते. आणि बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या. वांग्याचे काप पिठात घोळून तळतात, वरून काळा पाक. नाव 'उसाचा मध', पण चव घेतलीत की कळेल, ती चक्क काकवी आहे! फक्त ते वांगं माशांच्याच तेलात तळतात का, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी माझ्या आईला सांगितलं नव्हतं.

उसाचा_फड | १५ ऑगस्ट
थांबा थांबा. स्पेनमध्ये काकवी? ऊस कुठला?

जुनाखडू | १५ ऑगस्ट
अरबांनी नेलेला. मालागा आणि ग्रनादाच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं ऊस होता, ती पट्टी तेवढी उबदार. आज मार्बेयाचाच भाग असलेलं सान पेद्रो दे आल्कान्तारा हे गाव १८६० साली एका सरदारानं शेतीची वसाहत म्हणून वसवलं. तिथं मोठा साखर कारखाना होता, त्याची इमारत अजून उभी आहे. आता ऊस संपला, तिथं बंगले आणि गोल्फ आलं. पण नेर्हाच्या वर फ्रिहिलियाना म्हणून पांढरं गाव आहे, तिथल्या जुन्या वाड्यात अजून काकवी करतात. आणि काना_मात्रा यायच्या आत सांगून टाकतो, त्यांचा आसुकार हा शब्दही शर्करेपासूनच.

इतिहास निघालाच आहे तर, मार्बेया आणि बानूसच्या मध्ये रिओ व्हेर्देजवळ एका रोमन घराचे अवशेष आहेत. जमिनीवरच्या मोझेइकमध्ये देवदेवता कमी, स्वयंपाकाची भांडीकुंडी जास्त. रोमन माणसानं जमिनीवर आपलं भांड्यांचं फडताळ काढून घेतलंय. सासूबाईंना हे आवडेल असं वाटतं.

उसाचा_फड | १५ ऑगस्ट
ऊस काढून गोल्फ. आमच्याकडे पण तीच लाइन आहे फक्त थोडी मागं. धन्यवाद गुरुजी, आज झोप लागणार नाही.

सान्चोपंत | १६ ऑगस्ट
मालागात शिकतो, तिसरं वर्ष. वर सगळ्यांनी काय बघायचं ते सांगितलं, पोचायचं कसं ते कुणी सांगितलं नाही.

मार्बेयाला रेल्वे नाही. एवढं पैशाचं गाव, पण स्टेशन नाही. मालागाहून लोकल विमानतळ, तोर्रेमोलिनोस करत फुएनहिरोलाला संपते, पुढं बस. विमानतळावरून मार्बेयाला थेट बस आहे, पाऊण तास लागतो. पण मार्बेयाचा बसस्टँड हमरस्त्याच्या वर चढावर आहे, जुन्या गावातून बॅगा घेऊन चालत जाऊ नका. तिथून टॅक्सीच करा. रोंदाला बस आहे पण फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. ओहेनला मार्बेयाहूनच छोटी बस जाते, डोंगरात दहा किलोमीटरच्या आत. मिहासला फुएनहिरोलाहून बस, अर्धा तास.

म्हणून माझा सल्ला दोन्ही बाजूंना न आवडणारा. बैठकीचे तीन दिवस आणि वर एक रात्र मार्बेया, उरलेल्या रात्री मालागा. मालागाहून सेव्हिया रेल्वेनं दोन तासांत, कोर्दोबा एका तासात. तिथली गल्लीबोळं सपाट. ग्रनादाला जायचं असेल तर आल्हाम्ब्रा या तिथल्या किल्ल्याचं तिकीट आजच काढा, पासपोर्टवरच्या नावानं मिळतं आणि आत राजवाड्यासाठी ठरलेली वेळ असते. चुकली की गेली.

पोरासाठी कामिनितो देल रेय. दरीच्या कड्याला ठोकलेली लाकडी वाट, डोक्यावर हेल्मेट. पूर्वी इतकी मोडकी होती की माणसं पडून मेली, नीट करून २०१५ साली उघडली. एकूण ७.७ किलोमीटर. म्युझियम नाही. :)

आणि दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रात्री आठच्या आधी जेवण मागितलंत तर वेटर तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो.

मी_नासिककर | १६ ऑगस्ट
जिब्राल्टरच्या नादाला लागू नका, हेही लिहून ठेवतो. ते ब्रिटिशांचं. २०१८ला आम्ही ला लिनेआपर्यंत गेलो आणि तिथं कळलं की आमचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा पलीकडं चालणार नाही, आणि तो एकदाच प्रवेशाचा, बाहेर पडलो तर परत स्पेनमध्येही येता येणार नाही. कुंपणापाशी उभं राहून खडक बघितला, माकडांना लांबूनच नमस्कार केला आणि बस धरली. चूक आमचीच, घरून निघण्याआधी वाचायला हवं होतं.

टेम्सकाठची | १६ ऑगस्ट
आत्ता कळलं नासिककर मार्बेयावर का चिडले आहेत.

मंजिरी७७ | १७ ऑगस्ट
केवढी माहिती! आल्हाम्ब्राची तिकिटं संपली आहेत आमच्या तारखांची, त्यामुळे ग्रनादा आपोआप गळालं. सान्चोपंतांचा मार्ग घेतेय. कामिनितोची दोन तिकिटं मिळाली. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांना काकवीचं पटलं नाही, म्हणाल्या, बघूनच ठरवू.

मंजिरी७७ | ११ ऑक्टोबर
परतलो. ज्यांनी लिहिलं त्यांना वृत्तांत देणं लागतेच.

पहिल्या संध्याकाळी कंपनीनं बायकामुलांनाही बानूसला नेलं. चिरंजीवांनी चौदा गाड्यांचे फोटो काढले आणि पंधराव्या गाडीचा मालक आल्यावर पळून आले. सासूबाईंनी एका बोटीकडे पाहून विचारलं, "एवढी मोठी, आणि कुठं जात नाही?" आम्ही तासभर होतो, ती हलली नाही. कुठलीच हलली नाही. नासिककर, तुमच्या बाजूचा एक गुण.

पण सकाळी नवरा बैठकीला गेला की आम्ही तिघं जुन्या गावात. पाठीमागच्या एका बोळात एक बाई दारात बसून शेंगा सोलत होत्या. सासूबाई थांबल्या, गुडघा दाखवला. त्या बाईंनी आतून खुर्ची आणली आणि आपला गुडघा दाखवला. पुढची वीस मिनिटं दोघी एकमेकींच्या भाषेत गुडघ्यांवर बोलत होत्या आणि मी उभी. टेम्सकाठची, हा तुमच्या बाजूचा.

ओहेनला गेलो. चौकात पाच तोंडांचा झरा, गार पाणी, म्हातारी माणसं, दोन मांजरं. एवढंच. चिरंजीव म्हणाले इथं काय बघायचं, आणि मग त्यातल्या एका मांजराबरोबर दीड तास खेळले. रोंदा सगळ्यांनाच आवडलं. घाटात आवळासुपारी कामी आली, आमच्या नव्हे, पुढच्या सीटवरच्या जर्मन बाईंच्या. मैदानात मी आणि अनुजाच्या मताचे आमचे चिरंजीव गेलो नाही, नवरा जाऊन आला. रोमन भांडी राहिली, गेलो तेव्हा फाटक बंद होतं.

मालागाला बापलेक कामिनितोला गेले तो दिवस आमच्या दोघींचा. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर पांढरा सदरा, कमरेला लाल पट्टा असा एक माणूस हातात निवडुंगाचं फड घेऊन उभा होता आणि त्या फडात पांढरे गोल गेंद खोचलेले. जवळ गेलो तर जाईचा वास! सासूबाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट केला. वाळलेल्या रानटी झाडाचा देठ, त्याला छत्रीसारख्या काड्या, आणि एकेका काडीच्या टोकाला एकेक कळी. दोरा नाही, गाठ नाही. याला बिस्नागा म्हणतात. कळ्या उमलायच्या आधी खुडून खोचतात आणि रात्री त्या काडीवरच उमलतात. सासूबाईंनी हिशोब मांडला की गजऱ्याला याच्या निम्मा वेळ लागतो. मग एक विकत घेतला, केसात खोचायचा खूप प्रयत्न केला, बसेना, म्हणून पेल्यात ठेवला. पहाटेपर्यंत खोली घमघमत होती.

आता उसाचा_फड यांच्यासाठी. वांग्याचे काप खाल्ले, तीनदा. तेलाचं मी सांगितलं नाही. काकवीची एक बाटली बॅगेत तीन टॉवेलांत गुंडाळून आणली. काल दसऱ्याच्या उरलेल्या पुरीबरोबर ताटात वाढली. सासूबाईंनी बोट लावून चाटलं आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरी आहे. पण हिला चुलाणाचा वास नाही."

अनुजा_व | ११ ऑक्टोबर
तेलाचं कधीच सांगू नका.

काना_मात्रा | ११ ऑक्टोबर
वृत्तांत उत्तम. 'लागतेच' नव्हे, 'लागतंच'.

उसाचा_फड | १२ ऑक्टोबर
काकू एकदम बरोबर बोलल्या. गुऱ्हाळं सुरू होऊ द्या, पत्ता निरोपातून कळवा, दोन किलोचा डबा पाठवतो. टॉवेल लागणार नाहीत.

टोमॅटोकुमार | १२ ऑक्टोबर
मग पुढच्या ऑगस्टात बुन्योलला कोण कोण येतंय?